दिल्लीला निघालेली गोधडी

बाई प्रेमळ होत्या, असं शोकसभेत तिघांनी सांगितलं. पहिले आमचे हेडसर. त्यांच्या धोतरांवर बाईंचा कित्येक वर्षं डोळा होता. दुसरे पी.टी.चे सर. त्यांनी शाळेत टेरिकॉटची पँट आणली म्हणून बाई त्यांच्याशी कामापुरतंच बोलत, आणि काम सहसा निघत नसे. तिसऱ्या अंधेरीच्या एका महिला मंडळाच्या अध्यक्षबाई. त्यांनी बोलता बोलता डोळेही पुसले. रुमाल पॉलिएस्टरचा होता, त्यामुळे फारसं काही पुसलं गेलं नाही.

मग हेडसरांनी माझ्याकडे पाहिलं. मराठीच्या शिक्षकाला शोक आपोआप येतो, अशी आमच्या शाळेची समजूत आहे. मी उभा राहिलो, समोरच्या फोटोकडे पाहिलं आणि खाली बसलो. लोकांना ते फार आवडलं. मला गहिवरून आलं असा त्यांचा समज झाला. खरं म्हणजे फोटोत बाईंनी नायलॉनची साडी नेसली होती, आणि ही साडी त्यांना नेसवली कुणी, या विचारात मी बोलायचं विसरलो होतो.

तर बाई प्रेमळ नव्हत्या. हे आधीच लिहून ठेवतो, म्हणजे पुढचं सोपं जाईल.

मुलुंडच्या आमच्या शाळेत बाई भूगोल शिकवत आणि गोधड्या शिवत. खरा क्रम उलटा होता, पगार भूगोलाचा मिळे इतकंच. शिक्षकांच्या खोलीत खिडकीजवळची खुर्ची त्यांची. मोकळ्या तासाला त्या पायाशी ठेवलेल्या कापडी पिशवीतून काम काढत आणि मान खाली घालून धावदोरा घालत बसत. मान खाली असली तरी खोलीत काय चाललंय ते त्यांना सगळं कळे आणि त्यावर त्यांचं मतही असे. कुणालाही त्या नावाने हाक मारत नसत. 'गणित', 'इंग्रजी', 'चित्रकला' अशी विषयाने हाक. मी नोकरीला लागलो त्या दिवशी त्यांनी मला खुणेने बोलावलं. मला वाटलं, स्वागत करणार. त्यांनी माझ्या शर्टाची बाही चिमटीत धरून अंगठ्याने चोळली.

"सुती आहे," त्या म्हणाल्या. "किती वर्षं झाली?"

"तीनेक झाली असतील."

"कॉलर गेलीय. अजून वर्षभर घाल. मग मला दे. कुणाला देऊ नकोस हं, मराठी."

बाईंकडून माझं स्वागत एवढंच झालं. पण त्या दिवशी मला नावाजणारी माणसं पुढे बदली होऊन गेली, आणि शर्ट अजून आहे. कुठे आहे ते पुढे येईल.

बाईंचा सिद्धान्त असा होता की मुंबई पॉलिएस्टरने बुडणार. ती वर्षंही तशीच होती. ज्याला त्याला न चुरगळणारं, इस्त्री न लागणारं, रात्री धुतलं की सकाळी घालता येणारं कापड हवं होतं. बाईंना त्याची शिसारी होती. "टेरिकॉटला म्हातारपण नाही," त्या म्हणायच्या. "वीस वर्षांनी बघ, तस्संच असेल. मेलं मरत नाही. जे मऊ पडत नाही त्याची गोधडी कशी करायची?" हे त्या कापडाबद्दल बोलत, पण नजर बहुधा पी.टी.च्या सरांवर असे.

सुती कापड मिळवण्यासाठी त्या कुठल्याही थराला जात. निवृत्तीच्या समारंभात सगळे सत्कारमूर्तीच्या कार्याबद्दल बोलत, बाई त्यांच्या सदऱ्याकडे बघत. कॉलनीत येणाऱ्या बोहारणीशी तर त्यांचं वैरच होतं. बोहारणीची हाक ऐकू आली की बाई हातातलं काम टाकून खाली उतरत आणि तिच्या आधी बिऱ्हाडं गाठत. एकदा माझ्यासमोरच शेजारच्या काकू त्यांना म्हणाल्या, "अहो बाई, बोहारीण निदान स्टीलची वाटी तरी देते. तुम्ही काय देता?"

"मी तुमची साडी मरू देत नाही," बाई म्हणाल्या. "वाटी काय, पोचे पडून संपेल."

काकूंनी साडी बोहारणीला दिली. बाईंनी पुढे बरेच दिवस त्या वाटीची चौकशी केली. "कशी आहे वाटी? बरी आहे ना तब्येत?"

गोधड्यांची प्रदर्शनं हा बाईंचा दुसरा नाद. त्या काळात उपनगरांतल्या मोठ्या घरच्या बायकांना गोधडीचा शोध लागला होता. ज्या वस्तूवर त्यांच्या आज्या निजल्या आणि जी त्यांच्या आयांनी लाजून माळ्यावर टाकली, ती आता भिंतीवर टांगून लोक तिच्यापुढे हळू आवाजात बोलत. घाटकोपरला हॉलमध्ये, विलेपार्ल्याला शाळेत, एकदा तर जुहूच्या एका हॉटेलात. बाई एकही चुकवत नसत, आणि एकही त्यांना आवडत नसे. पिशवी धरायला म्हणून मला नेत. "चल मराठी, पाप बघून येऊ."

प्रदर्शनात शिरल्यावर बाई गोधडीची पुढची बाजू बघतच नसत. कोपरा धरून सरळ उलटी करत. 'हात लावू नये' अशी पाटी बहुतेक त्यांच्यासाठीच लावलेली असे. जुहूच्या हॉटेलात एक मुलगी धावत आली.

"मॅडम, प्लीज, टच नका करू ना."

"ही मशीनवर मारलीय."

"नाही मॅडम, हातानं केलेली आहे सगळी."

"मशीन पण हातानंच चालवतात गं," बाई म्हणाल्या आणि पुढच्या गोधडीकडे वळल्या.

आवडत नाही तर जाता कशाला, असं मी एकदा विचारलं. त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली. पण घाटकोपरच्या त्या हॉलमध्ये एका कोपऱ्यात एक अगदी विटकी गोधडी लावली होती. कुणी थांबत नव्हतं तिच्यापाशी. तिच्यात एका लहान मुलाच्या सदऱ्याचं ठिगळ होतं आणि शिवणारणीने त्याचा खिसा तसाच ठेवला होता. बाई तिच्यापुढे इतका वेळ उभ्या राहिल्या की मी पिशवी खाली ठेवली. मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि त्या खिशात हळूच दोन बोटं घातली.

"काय आहे?" मी विचारलं.

"रिकामा आहे," त्या म्हणाल्या. पाप बघायला माणूस एवढ्या लांब का जातो, ते मला तेव्हा थोडंसं कळलं.

बाई मूळच्या साताऱ्याकडच्या. लग्न झालं नव्हतं. का, हे विचारण्याइतकं धैर्य शाळेत कुणाकडे नव्हतं. आईकडून त्यांना दोन गोष्टी मिळाल्या होत्या, गोधडी आणि नियम. नियम पुष्कळ होते, आणि त्यांतले निम्मे बाई गरजेनुसार तिथल्या तिथे करत असाव्यात असा माझा संशय आहे. पण एक नक्की जुना होता. गोधडी पुरी होत आली की शेवटचा कोपरा मिटण्याआधी आत वाळलेल्या भाकरीचा तुकडा ठेवायचा. गोधडीचं पोट रिकामं राहू नये म्हणून. "जी स्वतः उपाशी, ती दुसऱ्याला काय ऊब देणार," बाई सांगत. आणि एकदा मिटलेला कोपरा पुन्हा उसवायचा नाही, हा त्याला जोडून दुसरा नियम.

त्यांची मोठी गोधडी शाळेची होती. शाळेत येऊन गेलेल्या प्रत्येकाचं काही ना काही तिच्यात होतं. शिपाईमामांचा खाकी सदरा, मुलींच्या गणवेशाच्या निळ्या पट्ट्या, संस्कृतच्या निवृत्त बाईंचं इरकली लुगडं, माझा कॉलर गेलेला शर्ट. हेडसरांच्या धोतराची जागा मध्यभागी रिकामी ठेवली होती. त्यांनी शेवटी एक दिलं. ते पाहून बाई म्हणाल्या, "इतकं मांजरपाट असेल असं वाटलं नव्हतं." अस्तराला मात्र मनासारखं कापड मिळत नव्हतं.

मग माझे वडील गेले. ते गिरणीत होते. संपानंतर घरी बसले ते बसलेच. गिरणी गेली तरी अंगावर गिरणीचंच धोतर. आठव्या दिवशी बाई भेटायला आल्या. आमचं घर कोकणातल्या पाहुण्यांनी भरलेलं. जो येई तो 'सुटले बिचारे' म्हणे, आणि आई मान हलवी. ते गेल्यापासून ती रडली नव्हती. बाई तिच्यासमोर जमिनीवर बसल्या. पाणी प्यायल्या. सांत्वनाचं काहीतरी बोलतील म्हणून सगळे थांबले.

"धोतरं सुतीच होती ना?" बाईंनी विचारलं.

माझ्या आत्याने तोंडाला पदर लावला. एक काका 'शहरातली माणसं' एवढंच म्हणाले. आईने बाईंकडे पाहिलं आणि ती रडायला लागली. पुष्कळ वेळ रडली. बाई शेजारी बसून राहिल्या, पाठीवरून हात वगैरे फिरवला नाही. मग आई उठली, पेटी उघडली आणि घडी घातलेली धोतरं त्यांच्यापुढे ठेवली.

"घेवन जावा बाय. पेटयेत ठेवन काय करूचा?"

बाईंनी एक धोतर उलगडून खिडकीकडे धरलं. "झकास विणलंय," त्या म्हणाल्या. कापडाची एवढी स्तुती मी त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकली नाही. वडिलांबद्दल त्या आठवड्यात आमच्या घरी बोललं गेलेलं खरं वाक्य तेवढंच.

त्या धोतरांचं अस्तर लागून ती गोधडी पुरी होत आली तेव्हा अंधेरीच्या मंडळाने प्रदर्शन जाहीर केलं. पहिल्या तीन गोधड्या दिल्लीच्या मोठ्या प्रदर्शनात पाठवणार होते. बाईंनी ती बातमी मला वाचून दाखवली. "दिल्लीला," त्या म्हणाल्या, "जसं काय तिथे माणसं गोधडीवाचून कुडकुडतायत." दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "आपण टाकू रे एक. यांना काही कळतं का ते तरी बघू." त्यानंतर मात्र धावदोरा मोकळ्या तासापुरता राहिला नाही. त्या वर्गातही शिवायला लागल्या.

एक सांगायला हवं. बाईंनी आयुष्यभर मुलांना भारत शिकवला. गंगेचं खोरं, थरचं वाळवंट, चहाचे मळे, सगळं पाठ. आणि त्या स्वतः कोल्हापूरच्या पलीकडे कधी गेल्या नव्हत्या. आईचं आजारपण, मग भावाचं, मग सवय. "दिल्लीचं हवामान विषम आहे, उन्हाळा कडक, हिवाळा कडक," हे वाक्य त्या दरवर्षी त्याच सुरात सांगत. त्या वर्षी ते सांगताना मध्येच थांबल्या, असं मुलांनी मला येऊन सांगितलं. मुलांना वाटलं, बाईंना बरं नाही.

संक्रांतीच्या सुमाराला गोधडी अंधेरीला पोचती झाली. मंडळाने ती कपाटात ठेवली. त्याच कपाटात हळदीकुंकवाचे तिळाचे लाडू ठेवले होते. संस्कृती जपायची तर सगळी एकत्रच जपावी, असा त्यांचा विचार असावा.

प्रदर्शनाच्या सकाळी आम्ही पोचलो तर अध्यक्षबाई दारातच उभ्या. "बरं झालं आलात. तुमची गोधडी पहिल्या तिनांत आहे, हे मी तुम्हाला सांगायला नको खरं तर. पण एक प्रॉब्लेम झालाय."

प्रॉब्लेम भिंतीवर होता. बाईंची गोधडी मधोमध टांगली होती, आणि तिच्या खालच्या कोपऱ्यातून मुंग्यांची एक शिस्तबद्ध रांग निघून भिंतीवरून शेजारच्या गोधडीवर चालली होती. शेजारची गोधडी पांढरीशुभ्र, रेशमी, अध्यक्षबाईंच्या सुनेची.

"आत काय आहे हो?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

बाई जरा ओशाळून म्हणाल्या, "गुळपोळी."

मी त्यांच्याकडे बघत राहिलो. "भाकरी ठेवतात ना, बाई?"

"एवढ्या लांब जायचं होतं तिला," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "नुसत्या भाकरीवर कशी पाठवू? गुळपोळी टिकते प्रवासात."

अध्यक्षबाई समजूतदार होत्या. त्यांनी कात्री आणून दिली. "तेवढा कोपरा उसवा, तो तुकडा काढा, मी मुंग्या झटकून घेते. परीक्षक निकाल जाहीर करायला अर्ध्या तासात येतायत. तिथे दिल्लीला हे असलं चालणार नाही हो, परदेशी लोक येतात."

"ते जेवत नाहीत?" बाईंनी विचारलं.

"अहो, तसं नाही. स्वच्छतेचा प्रश्न आहे."

बाईंनी कात्री घेतली. गोधडीपाशी गेल्या, कोपरा हातात धरला. कात्रीचं टोक टाक्याखाली गेलं. मी म्हटलं, "बाई, काढा. तुकडा तर आहे. दिल्लीला जाईल ती."

"तुझ्या वडलांना जेवताना पानावरून उठवशील?" त्यांनी विचारलं.

मग त्यांनी स्टूल ओढलं, वर चढल्या आणि गोधडी स्वतः खाली उतरवली. "मिटलेला कोपरा उसवायचा नसतो," त्या अध्यक्षबाईंना म्हणाल्या. "आमच्यात तसं नाही." गोधडी मुंग्यांसकट पिशवीत घातली. कात्री मात्र आठवणीने परत केली. दिल्लीला जायची जागा अध्यक्षबाईंच्या सुनेला मिळाली. कलेत गुणवत्तेला शेवटी न्याय मिळतोच.

परतीची बस मरोळवरून साकीनाक्याला येईपर्यंत मुंग्यांनी पुढच्या सीटवरचा माणूस उठवला होता. तो बाईंकडे रागाने बघत दाराशी जाऊन उभा राहिला. बाई पिशवी मांडीवर धरून बाहेर बघत होत्या. पवईला तळं दिसायला लागलं तेव्हा त्या म्हणाल्या, "दिल्लीला थंडी फार असते म्हणे."

"हिवाळा कडक," मी म्हटलं.

"हं."

तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. गोधडी पुरी झाली की त्या ती कुणाला तरी देऊन टाकत. ही दिली नाही. कुठे आहे विचारलं तर "निजलीय" म्हणत. शाळेतल्या खुर्चीजवळ त्यांच्या पायाशी नवं काम आलं आणि पी.टी.च्या सरांच्या पँटीवर नवी मतं आली. मग या डिसेंबरमध्ये, दोन दिवसांच्या तापाने, बाई गेल्या.

शोकसभेत अध्यक्षबाईंनी डोळे पुसले ते यासाठीच. मंडळाने ठरवलं होतं की बाईंच्या स्मृत्यर्थ त्यांची ती गोधडी यंदा दिल्लीच्या प्रदर्शनात पाठवायची. टाळ्या झाल्या. सभा संपल्यावर त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तुम्ही जवळचे ना त्यांच्या. तेवढं कोपऱ्याचं बघून घ्याल?" जिवंत माणसाची अट सांभाळणं अवघड जातं. मेलेल्या माणसाचा सत्कार करता येतो, आणि त्याचा कोपराही उसवता येतो.

बाईंच्या घरी त्यांचा भाचा कपाट रिकामं करत होता. "जुनं कापड सगळं बोहारणीला देणार होतो," तो म्हणाला. गोधडी त्याच पिशवीत होती. मी ती घरी आणली आणि रविवारी दुपारी आईच्या सुईदोऱ्याचा डबा घेऊन बसलो. आईने अस्तरावरून हात फिरवला आणि ती आत गेली.

मी कोपरा उलटा केला, बाई करत तसा. बाकी गोधडीभर एकाच पांढऱ्या दोऱ्याचे मुंगीएवढे टाके. या कोपऱ्यात मात्र दोरे निराळे. पांढऱ्याची तुटकी टोकं, त्यांच्या शेजारी निळ्याची, मग खाकी, आणि सगळ्यांत वर विटकरी दोऱ्याची ताजी शिवण. कोपऱ्याच्या कापडाला सुईची इतकी भोकं पडली होती की ते जाळीसारखं झालं होतं. मी विटकरी दोरा कापला. आतून तुकडा निघाला. गुळपोळीच होती. वाळून लाकूड झालेली, पण गेल्या संक्रांतीची असावी, कारण गुळाचा वास अजून येत होता.

मिटलेला कोपरा उसवायचा नसतो, असं भर हॉलमध्ये सांगणाऱ्या बाई दर संक्रांतीला तो उसवत होत्या. जुना तुकडा काढून ताजी गुळपोळी भरत होत्या आणि पुन्हा मिटत होत्या. भाकरी नाही, गुळपोळी. प्रवासाची.

संक्रांत आठवड्यावर आली होती. मी नाक्यावरच्या दुकानातून गुळपोळी आणली. दुकानाची, म्हणजे बाईंनी नावं ठेवलीच असती. एक तुकडा मोडून कापडाच्या थरांत आत सारला, आणि बाकीची आई नि मी खाल्ली. मग पांढरा दोरा ओवून कोपरा मिटला. माझे टाके वाकडे आले. पण गोधडीच्या मागच्या बाजूला आले, आणि दिल्लीत कोण उलटून बघणार.

दुसऱ्या दिवशी मी ती अंधेरीला नेऊन दिली. अध्यक्षबाईंनी ती दोन्ही हातांनी घेतली, पुढची बाजू पाहिली, 'किती सुंदर' म्हणाल्या. मग जरा आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "कोपऱ्याचं बघितलंत ना?"

"हो," मी म्हटलं. "नीट बघितलं."